उजनी मायनसमध्ये गेली, तरी नळाला पाणी येतं कुठून?

दर उन्हाळ्यात सोलापुरात एक आकडा घरोघरी बोलला जातो, उजनी धरणातल्या पाणीसाठ्याच्या टक्क्यांचा. उजनी उणे दहा, उणे पंचवीस, उणे चाळीस. २०२४ च्या जूनमध्ये तर तो उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. तेव्हा आठवीतल्या पुतण्याने मला विचारलं, "काकू, शून्याच्या खाली पाणी कसं असेल? संपलं म्हणजे संपलं ना?" मी बरोबर उत्तर देऊ शकले नाही. "ते धरणाचं वेगळं असतं रे," असं काहीतरी पुटपुटून विषय बदलला. नंतर नीट समजून घेतलं, आणि समजत गेलं तसं माझं लक्ष धरणावरून घसरत घसरत आमच्या गच्चीवर येऊन थांबलं. ते का, हे पुढे येईलच.

तोटीच्या खालचं पाणी

घरातला माठ डोळ्यांसमोर आणा, तोटी लावलेला. तोटी तळाशी नसते, थोडी वर असते. माठातलं पाणी तोटीपर्यंत उतरलं की तोटीतून थेंब येत नाही, पण माठ रिकामा झालेला नसतो. खालचं पाणी हवं असेल तर झाकण काढून तांब्या बुडवायचा.

धरणालाही अशी तोटी असते, कालव्याचं दार. त्या दाराच्या वरच्या पाण्याला उपयुक्त साठा म्हणतात आणि खालच्याला मृतसाठा. बातमीतली टक्केवारी फक्त वरच्या पाण्यावर मोजतात. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (हे धरणाचं पाणी मोजायचं माप, ते नेमकं किती ते पुढे येतंच) आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. पुन्हा वाचा, आकडे उलटे छापलेले नाहीत. उजनीच्या माठात तोटीच्या वर जितकं पाणी मावतं, त्याहून जास्त तोटीच्या खाली मावतं. बहुतेक धरणांत मृतसाठा थोडा असतो, उजनी त्या बाबतीत वेगळी.

आता गणित सोपं आहे. शून्य टक्के म्हणजे धरणात ६३.६६ टीएमसी पाणी आहे. उणे पन्नास म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं, सुमारे २६.८ टीएमसी, खालून उपसलं गेलं आणि ३७ च्या आसपास उरलं. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मायनस म्हणायचंच कशाला, उगाच घाबरवतात." अगदीच चूक नाही त्याचं. पण मायनसचा अर्थ असा की कालव्याने आपोआप वाहणारं पाणी आता संपलं, पुढचं तांब्याने काढायचं.

शहरासाठी हा तांब्या म्हणजे दुबार पंपिंग. जलवाहिनीचे पंप ज्या विहिरीतून पाणी ओढतात, तिच्यापासून धरणाचं पाणी खाली सरकलं की दुसरे पंप लावून आधी पाणी त्या विहिरीपर्यंत आणावं लागतं. आणखी उतरलं की तिबार. वीज वाढते, खर्च वाढतो, आणि तळाकडचं पाणी गाळाचं असतं.

टीएमसी म्हणजे नेमकं किती?

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. एवढी शून्यं डोळ्यांपुढे येत नाहीत, म्हणून शहराशी ताडून पाहू. सोलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती, हिशेबाला दहा लाख धरू. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर, हे नगरनियोजनातलं नेहमीचं माप. म्हणजे शहराला रोज साडेतेरा कोटी लिटर. वर्षाचं झालं सुमारे पावणेदोन टीएमसी.

अख्खं शहर, वर्षभर, पावणेदोन टीएमसी! ५३ च्या उपयुक्त साठ्यात हे चिंचोक्याएवढं. तरीही पाणी चार दिवसांआड का?

एक कारण वाटेतलं आहे. शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं: उजनीहून थेट जलवाहिनीने, भीमेवरच्या टाकळीहून, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. टाकळीचं पाणी मिळायचं तर औजचा बंधारा भरावा लागतो, आणि तो भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं. नदी म्हणजे काही पाइप नव्हे. कोरडी वाळू आधी स्वतःची तहान भागवते, ऊन आपला वाटा घेतं, काठावरच्या मोटारी घेतात, वाटेतल्या गावांचाही हक्क असतो. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी पाणी सोडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्याच आहेत. शहराच्या वर्षाच्या गरजेच्या तिप्पट पाणी, एका खेपेला! परातीत पाणी ओतून ते उतारावरून शेजारच्या घरी पोचवण्यातला हा प्रकार. उजनीहून जुन्या वाहिनीला समांतर, रोज १७ कोटी लिटर आणणाऱ्या दुसऱ्या जलवाहिनीचा आग्रह होता तो याचसाठी.

"मग उसाला सांगा ना, मला कशाला बादली मोजायला लावता?"

हा आक्षेप येतोच, आणि तो टाळून पाणी वाचवायला सांगणाऱ्याचा मला राग येतो. म्हणून हिशेब मांडते. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी धरलं, म्हणजे शेतात दोन मीटर उंचीचं, तर एका एकराला सुमारे ८१ लाख लिटर लागतात. पाच माणसांचं घर १३५ च्या मापाने वर्षाला अडीच लाख लिटर वापरतं. एक एकर ऊस म्हणजे अशी तेहेतीस घरं. आणि राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे. ठिबकने उसाचं पाणी बरंच वाचतं, तो मोठा आणि वेगळा विषय. शेतकऱ्याला खलनायक करण्यात मला रस नाही. ज्या पिकाला हमखास भाव आणि गाळपाची सोय आहे तेच तो लावणार.

तर मान्य. मी अंघोळीत एक बादली कमी घेतली म्हणून उजनी उणे पन्नासची उणे एकोणपन्नास होणार नाही. धरणाच्या मापाने माझी बादली शून्यच. मग वाचवायचं कशासाठी?

गच्चीवरचं धरण

कारण आपण उजनीच्या पाण्यावर जगत नाही. आपण गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यावर जगतो.

जिथे नळाला चोवीस तास पाणी असतं तिथे बचत म्हणजे सद्गुण, केली तर केली. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात प्रत्येक घर हे एक छोटं धरण आहे. पाणी सुटलं की भरतं, मग पाच दिवस आटत जातं. पाचव्या दिवशी मायनस.

आमच्याच घरातला हिशेब देते. गच्चीवर हजार लिटरची टाकी, मोरीत दोनशे-दोनशेची दोन टिपाडं, स्वयंपाकघरात घागरी-पिंप मिळून शंभर. एकूण दीड हजार लिटर, माणसं पाच, दिवस पाच. म्हणजे दिवसाला तीनशे लिटर, डोई साठ. १३५ चं माप इथे कागदावरच. एवढं पाणी नीट पुरतं, तरी पाचव्या दिवशी शेजारणीकडे बादली मागायची वेळ यायची, किंवा टँकर. मग पाण्याच्या एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी सुटल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत, मी आणि पुतण्याने बादली घेऊन मोजदाद केली. चोर तीन सापडले, तिघेही घरातलेच.

शिळं पाणी

पहिला चोर म्हणजे आमची रीत. पाणी आलं की जुनं ओतून द्यायचं. रात्री अडीच वाजता नळ सूं-सूं करू लागला की सासूबाई उठतात. आधी टिपाड लवंडतात, मग घासतात, मग भरतात. त्या रात्री आम्ही मोजलं तर टिपाडं, घागरी, कळशा मिळून जवळजवळ दोनशे लिटर पाणी मोरीतून गेलं.

"आई, अहो कशाला ओतता? चांगलं आहे ते."

"चार दिवसांचं शिळं पाणी देवाला कसं घालू गं?"

देवाच्या कळशीला माझी हरकत नाही. तिला ताजंच घाला. पण दोनशे लिटर म्हणजे आमच्या घराचे सोळा तास. अन्न शिळं होतं कारण त्यात जिवाणूंना खायला काहीतरी असतं. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं पाणी तसं नासत नाही. त्यात टाकलेलं क्लोरीन हळूहळू उडून जातं, चव जरा बदलते, इतकंच. प्यायला तेच वापरायचं असेल तर उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. भांडी, फरशी, कपडे आणि संडासाला तर ते ताज्याइतकंच चालतं. उलट, नळाचं पहिल्या दहा मिनिटांचं गढूळ पाणी ताजं असलं तरी ते आधी संडासाच्या बादलीत जायला हवं.

"पण डेंग्यूवाले तर भांडी रिकामी करा म्हणतात"

म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा.

मात्र खरी मेख बहुतेकांना माहीत नसते. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टिपाडाच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. तेव्हा नुसतं पाणी ओतून दिलं तर पाणी गेलं आणि अंडी राहिली! काम होतं ते काथ्याने भिंत घासल्याने. मग पाळीच्या आदल्या दिवशी टिपाडातलं पाणी कपड्यांना, फरशीला वापरून संपवायचं, तळाच्या तांब्याभर पाण्यात भिंत घासायची, आणि वर धडसं कापड बांधायचं. सासूबाईंचं घासणं बरोबरच होतं, चुकत होतं ते लवंडणं.

टपटप आणि सूंसूं

दुसरा चोर मोरीतली तोटी. सेकंदाला एक थेंब. थेंब साधारण पाव मिलिलिटरचा, दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे एकवीस-बावीस लिटर. दिवसाला एक बादली, पाळीला शंभर लिटर. दुरुस्ती काय, तर आत बसवायचा रबराचा वायसर. प्लंबरला फोन करण्याचा आळस मात्र मी दोन महिने केला, ते कबूल करते.

तिसरा चोर आरओ. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर खारं पाणी नळीवाटे सोडून देतं. दिवसाला दहा लिटर प्यायला-स्वयंपाकाला, म्हणजे तीस लिटर सिंकमध्ये. पाळीला दीडशे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ नको. तेव्हा आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजून घ्या. बोअरचं खारं पाणी पीत असाल तर आरओ लागेल, पण त्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशीला, संडासाला उत्तम. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारवते.

दोनशे, शंभर आणि दीडशे. साडेचारशे लिटर. दिवसाच्या तीनशेच्या मापाने बरोबर दीड दिवस. आमचा कोरडा पाचवा दिवस यातच दडला होता, टँकरचे पैसेही यातच.

फ्लशचं सगळ्यांना माहीत असतं तरी सांगते: जुनी टाकी एका वेळेला दहा-बारा लिटर ओतते. भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या तिच्यात उभ्या केल्या की दरवेळी दोन लिटर वाचतात. विटेचा तुकडा टाकू नका, तो विरघळून आतल्या रबरात अडकतो.

"रोज पाणी आलं की हे सगळं मिटेल ना?"

बरंचसं मिटेल. लोकांना वाटतं की रोज पाणी दिलं तर उधळपट्टी वाढेल, पण आपल्या उधळपट्टीतली कितीतरी चार दिवसांआडच्या पाण्यानेच शिकवली आहे. उद्या पाणी येणार हे ठाऊक असेल तर कोण टिपाड लवंडेल? अडीच वाजता झोपेत नळ सुरू ठेवून कोण परत आडवं होईल, आणि टाकी वाहून पाणी रस्त्यावर जाईल? (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक बसवा. हे वाक्य कंसात आहे म्हणून विसरू नका.)

शिवाय अधूनमधून येणारं पाणी घाण होण्याची शक्यता जास्त. पाणी सुरू असताना जलवाहिनीत दाब असतो. फट असली तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आणि त्याच फटीतून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत झिरपू शकतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ती शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, पण फटीजवळची घाणही ओढते, आणि ती आधी मोटरवाल्याच्याच टाकीत येते.

जलवाहिनी मोठी झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी रोज पाणी येत नाही. वाहिनी पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणते. पुढे उंच टाक्या, गल्लीबोळांतल्या वाहिन्या, त्यांची गळती, हे सगळं सुधारल्याशिवाय घागर भरत नाही. घरात मोठा सिलिंडर आणला आणि शेगडीची नळी तीच फाटकी ठेवली, तसं ते.

"सीनेला महापूर येतो आणि तुम्ही टंचाई कसली सांगता?"

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा-मोहोळकडची गावं बुडवली. मग ते पाणी उजनीत का गेलं नाही, असं अनेकांनी विचारलं. नकाशा पाहा. सीना भीमेला मिळते ती हत्तरसंग-कुडलला, उजनीच्या खूप खाली. ते पाणी पुढे कर्नाटकात जातं. उजनी भरते ती पुण्याकडच्या सह्याद्रीतल्या पावसाने, म्हणून तर आपल्याकडे पावसाळ्यात आभाळापेक्षा दौंडहून नदीतून उजनीत येणाऱ्या विसर्गाकडे जास्त डोळे असतात. २०२४ मध्ये उणे साठवरून उजनी ऑगस्टमध्ये भरली, तीही त्याच पावसाने.

पण गच्चीवरही पडतं, आणि ते आपलं असतं. जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बराच परतीचा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर यातून पन्नास हजार लिटर पाणी पडतं. गळती-वाफ सोडून चाळीस हजार हाती येऊ शकतं. एवढं साठवायला जागा नसते, म्हणून पहिला पाऊस वाहू देऊन नंतरचा गाळून बोअरमध्ये सोडायचा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण पाणी फक्त भेगांतून धरतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी गावासाठी तळं खोदवून घेतलं, ते याच मातीत आणि याच पावसावर.

एक टॉवेल, पन्नास लिटर

कामाच्या ठिकाणचं बोलायचं तर कार्यालयातल्या नळांच्या तोंडाला जाळी बसवा, हॉटेलात न विचारता भरलेले ग्लास ठेवू नका, झालं. सोलापुरात खरं पाणी मुरतं ते रंगखान्यात.

ओळखीतल्या एका डाईंगमध्ये गेले होते. सुताच्या लडी गरम कुंडातून काढत होते, फरशीवर निळं पाणी. एक किलो सूत रंगवायला साधारण शंभर लिटर पाणी लागतं. अर्ध्या किलोच्या टॉवेलला पन्नास. मला वाटायचं की हे पाणी रंगात जातं. रंगात थोडंच जातं, बहुतेक जातं धुण्यात. रंगाचा काही भाग सुताला चिकटतच नाही, तो पुन्हा पुन्हा खळबळून काढावा लागतो, नाहीतर टॉवेल पहिल्या धुण्यात बनियन निळं करणार.

उपाय जुना आहे: उलटं धुणं. शेवटच्या खळबळीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते टाकीत धरायचं आणि पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, तेव्हा सूत सर्वांत मळकं असतं आणि पाणी फार चोख लागत नाही. कारागिराने लगेच विचारलं, "मॅडम, शेड बिघडली तर?" शंका रास्त आहे. म्हणून फिकटाकडून गडदाकडे जायचं. लिंबू रंगाच्या लॉटचं शेवटचं पाणी मरूनला चालतं, मरूनचं लिंबूला नाही.

घरच्या वॉशिंग मशीनला मी तेच लावलंय. आधी पांढरे, त्यांचं शेवटचं पाणी टिपाडात, मग त्यात जीन्स भिजत घालायच्या.

आणि टाकीत नेमकं किती उरलंय हे कळावं म्हणून पुतण्याने झाडूच्या जुन्या दांड्यावर खिळ्याने पाच खुणा केल्या, तळापासून सारख्या अंतरावर, एका दिवसाला एक. सकाळी फुलं तोडायला गच्चीवर गेलं की सासूबाई दांडा टाकीत बुडवून बघतात. परवा जिन्यातूनच ओरडल्या, "अगं, आज चौथा दिवस ना? पाणी अजून तिसऱ्या रेघेच्या वर आहे!"